बंबावर आणि १०८ वर एक दिवस: सोबत जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी

परदेशी व्हिडिओंमध्ये आग विझवणारा आणि रुग्णाला ऑक्सिजन लावणारा माणूस एकच असतो. आपल्याकडे ही कामं दोन खात्यांत वाटलेली आहेत. आग, अडकलेली माणसं, गॅसगळती, पडलेलं झाड हे महापालिकेच्या अग्निशमन दलाचं काम, क्रमांक १०१. रुग्णाला उचलणं, वाटेत उपचार देणं आणि रुग्णालयात पोचवणं हे राज्याच्या १०८ सेवेचं काम. ही सेवा २०१४ पासून मोफत चालते आणि तिच्या गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असतो. प्रत्यक्ष जागेवर मात्र दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहतात. जवान धुरातून माणूस बाहेर आणतो आणि दहा पावलांवर तो डॉक्टरच्या हाती देतो. शिकण्यासारखं सगळ्यात जास्त त्या दहा पावलांत आहे. म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत असा दिवस ठरवत असाल, तर अर्धा दिवस अग्निशमन केंद्रात आणि अर्धा १०८ बरोबर, अशी आखणी करा.

हा लेख नर्सिंग, पॅरामेडिकल आणि फायर डिप्लोमाच्या मुलामुलींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. वय अठरा पूर्ण हवं.

परवानगी: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

तुमची हद्द कोणाची, हे आधी नक्की करा. ठाणे शहर, कळवा, मुंब्रा ठाणे महापालिकेकडे. दिघा ते बेलापूर नवी मुंबई महापालिकेकडे. खारघर, कळंबोलीच्या पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहितात, पण तो भाग नवी मुंबई महापालिकेत येत नाही, तिथे वेगळी चौकशी करावी लागते. रबाळे, महापे, पावणे या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा आहे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावे द्या. १०८ साठी जिल्ह्याच्या व्यवस्थापकांकडे वेगळा अर्ज लागतो, एका अर्जात दोन्ही उरकत नाही. निदान तीन आठवडे आधी द्या आणि पोच घ्या. अर्जात नाव, वय, अभ्यासक्रम, तारीख, वेळ, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहा. एक वाक्य विसरू नका: केंद्रातच थांबायचं आहे की गाडीत बसून जागेवर जायची परवानगी हवी आहे. हे लेखी नसेल तर वर्दी (मदतीचा निरोप) आल्यावर गाडीत बसायचा आग्रह धरू नका. बंबात जागा मोजकी असते आणि तुमच्या जिवाची जबाबदारी त्या पाळीच्या अधिकाऱ्यावर येते. बंबावर बसायची परवानगी नाही मिळाली तरी दिवस वाया गेला असं समजू नका, केंद्रात पाहण्यासारखं भरपूर असतं.

तारीख निवडताना: १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. त्या आठवड्यात प्रात्यक्षिकं छान पाहायला मिळतात, पण निवांत बोलायला कोणी सापडत नाही. जून-जुलैत झाडं पडण्याच्या आणि पाणी साचण्याच्या वर्दी जास्त, दिवाळीत फटाक्यांच्या. पहिल्यांदा जाणाऱ्याला नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

लस, कपडे, खिसा

हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत पूर्ण होते: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. म्हणजे हा विचार सहा महिने आधीच करायला हवा. निदान दोन डोस झालेले नसतील तर १०८ चा भाग पुढे ढकला. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही पाहून ठेवा.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, पूर्ण लांबीचे. नायलॉन, पॉलिस्टर नको, कारण उष्णतेने ते वितळून कातडीला चिकटतं. पायात घोटा झाकणारे चामड्याचे बूट. ओढणी, साखळी, लोंबते कानातले घरी ठेवा, केस घट्ट बांधा. घड्याळ सेकंदकाट्याचं हवं, नाडी आणि श्वास मोजायला ते लागतं आणि मोबाईल खिशातच राहायचा आहे. खिशात मावेल अशी वही, दोन पेनं, ओळखपत्र, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ. पावसाळ्यात रेनकोट घ्या, छत्री नको.

पहिला तास: हजेरी आणि गाडीची तपासणी

पाळी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. अधिकाऱ्यांना ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’, वयाने मोठ्या चालकांना ‘काका’, बाकीच्यांना ‘दादा’, ‘ताई’ असं चालतं. सगळ्यात आधी एक गोष्ट विचारा: “घंटा वाजली तर मी कुठे उभं राहू?” ती जागा दाखवून घ्या आणि दिवसभर तिथे पोचायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागणार नाहीत इतकंच दूर जा. गाड्यांच्या समोरचा भाग आणि जवानांचे बूट-कोट ठेवलेले असतात तो रस्ता, या दोन ठिकाणी कधीच थांबायचं नाही.

हजेरीनंतर गाडीची तपासणी होते. बहुतेक नवखे या वेळी चहा प्यायला जातात. तसं करू नका. जागेवर जे बिघडतं, त्यातलं बरंचसं इथेच हाती लागलेलं असतं.

पाण्याच्या बंबाची टाकी साधारण ४,५०० लिटरची. आकडा मोठा वाटतो, पण एका ब्रँचमधून, म्हणजे पाइपच्या टोकाच्या तोटीतून, मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडलं तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. म्हणून एक जण आगीकडे पळतो तेव्हा दुसरा हायड्रंट (बंबात पाणी भरायचा नळ) किंवा सोसायटीची भूमिगत टाकी शोधायला जातो. होज, म्हणजे पाण्याचा पाइप, ६३ मिलिमीटर व्यासाचा, १५ किंवा ३० मीटर लांबीचा असतो. हिशेब करून पाहा: ३० मीटरच्या भरलेल्या होजमध्ये सुमारे ९४ लिटर पाणी, म्हणजे तेवढंच किलो वजन. पाणी सोडायच्या आधी होज योग्य जिन्याने, वळण न घेता अंथरला पाहिजे तो यासाठीच. भरल्यावर तो ओढत नेणं एका माणसाचं काम राहत नाही, आणि कोपऱ्यावर मुडपला तर पुढे पाणी पोचत नाही.

कपलिंगच्या, म्हणजे दोन होज जोडणाऱ्या तुकड्याच्या, आतला रबरी वॉशर बोटाने चाचपून पाहतात तेव्हा लक्ष द्या. तो निघालेला किंवा चिरलेला असला तर जोडातून पाण्याची कारंजी उडतात आणि पुढचा दाब पडतो. दोन रुपयांच्या वस्तूने जिन्यात चिखल होतो आणि वर ब्रँच धरलेला माणूस हात चोळत उभा राहतो.

यानंतर श्वसन यंत्र, केंद्रात सगळे त्याला ‘बीए सेट’ म्हणतात. हातात घ्यायला मिळाला नाही तरी जवळून पाहा. तपासणीचा क्रम असा:

१. सिलिंडरचा काटा ३०० बारच्या (बार हे दाबाचं माप) जवळ आहे का. कमी असेल तर सिलिंडर बदलायचा, ‘चालेल’ म्हणून ठेवायचा नाही.

२. पट्टे पूर्ण सैल केलेले आहेत का. घट्ट ठेवलेला सेट अंगावर चढवताना वेळ खातो.

३. व्हॉल्व्ह उघडून बंद करायचा आणि एक मिनिट काट्याकडे पाहायचं. १० बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे, बहुधा जोडाच्या ओ-रिंगमध्ये (रबरी कड्यात).

४. व्हॉल्व्ह बंदच ठेवून आतली हवा हळूहळू सोडायची. काटा ५५ बारच्या आसपास आला की हवा संपत आल्याची शिट्टी वाजली पाहिजे. भरभर हवा सोडली तर शिट्टी नेमकी कधी वाजली ते कळतच नाही.

५. मास्क चेहऱ्यावर लावून, नळीच्या तोंडावर तळहात ठेवून श्वास आत घ्यायचा. मास्क चेहऱ्याला ओढला जाऊन चिकटला तर ठीक. दाढी असेल तर कडेने हवा येते, म्हणून या कामात दाढी ठेवत नाहीत.

आता गणित, कारण हवा किती वेळ पुरेल हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला म्हणजे २,०४० लिटर हवा. अंगमेहनतीत मिनिटाला ४० लिटर धरली तर शिट्टी वाजेपर्यंत सुमारे ४१ मिनिटं आणि शिट्टीनंतर बाहेर पडायला नऊ-एक मिनिटं. पण नवखा घाबरला, वर होज ओढत सहा मजले चढला, की मिनिटाला ६० लिटर सहज लागतात. मग तीच ४१ मिनिटं २८ वर येतात. सिलिंडरवर छापलेल्या मिनिटांवर कोणी अनुभवी माणूस विसंबत नाही. आत जाताना कोण किती बारवर आणि किती वाजता गेला हे बाहेर फळ्यावर लिहून ठेवणारा एक जण लागतो. तो फळा जागेवर पाहायला मिळाला तर त्याच्याजवळ, पण हाताच्या अंतराबाहेर उभे राहा. आतल्या माणसांचा हिशेब तिथे असतो.

वॉच रूममध्ये एक तास

वॉच रूम म्हणजे वर्दीचे फोन घेणारी खोली. फोन कसा घेतात ते ऐका. पत्ता आधी, बाकी सगळं नंतर, कारण फोन तुटला तरी गाडी निघायला हवी. मग काय जळतंय, कोणी अडकलंय का, कितवा मजला, फोन करणाऱ्याचा नंबर.

नवी मुंबईत सेक्टरचा घोळ कायमचा आहे. ‘सेक्टर १०’ वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे, नेरुळलाही आहे. घाबरलेला माणूस नोडचं, म्हणजे वाशी, नेरुळ अशा उपनगराचं, नाव सांगतच नाही, त्याला वाटतं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ऑपरेटर “कुठलं स्टेशन जवळ?” हे हमखास विचारतो. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर वेगळी अडचण: टॉवर दिसतो, पण आत जायचं गेट सर्व्हिस रोडवर कुठल्या बाजूला हे माहीत नसेल तर पुढच्या कटपर्यंत जाऊन वळसा घ्यावा लागतो. वॉच रूममधल्या नकाशावर मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली, गायमुख हे टप्पे ओळीने पाठ करा.

सगळ्या वर्दी आगीच्याच असतील असं धरून येऊ नका. रस्त्यावर ऑईल सांडलं, दुचाकी घसरताहेत, माती टाका. मांजात अडकलेला पक्षी. लिफ्टमध्ये अडकलेले आजी-आजोबा. घरात आतून कडी लागलेलं लहान मूल. ही कामंही त्याच शिस्तीने होतात.

वर्दी आल्यावर

घंटा वाजली की तुमच्या जागेवर. कोणाला काही विचारायचं नाही. गाडीत जायची परवानगी असेल तर नेमून दिलेल्या जागी बसा, पट्टा लावा, गाडी पूर्ण थांबल्यावर आणि तुमच्या नावाने सांगितल्यावरच उतरा. वहीत वेळा लिहा: घंटा, गाडी निघाली, पोचली, पाणी सुरू झालं.

जागेवर पोचल्यावर पहिले नियम वाऱ्याचे. वारा पाठीवर घ्या, धूर तुमच्यापासून दूर जाताना दिसला पाहिजे. पंपाच्या पॅनेलसमोर, दोन गाड्यांच्या मधे, भरलेल्या होजच्या वर किंवा वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही. सुटलेलं कपलिंग पायाचं हाड मोडतं. ईस्टर्न एक्स्प्रेस, सायन-पनवेल किंवा पाम बीच रस्त्यावर असाल तर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घाला आणि वाहतुकीकडे पाठ करू नका. अपघात पाहणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्याची नजर रस्त्यावर नसते.

वीज बंद झाली का, हे अधिकारी वीज कंपनीकडून खात्री करून घेतात. ठाण्यात बहुतेक भागाला महावितरण आहे, पण कळवा, मुंब्रा, शीळ पट्ट्यात टोरंट. चुकीच्या कंपनीला फोन गेला तर फुकट मिनिटं जातात. गॅसचंही तसंच. स्वयंपाकाचा सिलिंडर असेल तर तो गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि तळघरात साचतो. पाईपचा गॅस हलका, छताकडे जातो. त्यामुळे खिडकी वरची उघडायची की खालचं दार, हे गॅस कुठला त्यावर ठरतं. दोन्हींत दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

टीटीसी पट्ट्यात टँकर असेल तर त्याच्या मागच्या आणि बाजूच्या फलकावरचा चार आकडी यूएन क्रमांक, म्हणजे आतल्या रसायनाची आंतरराष्ट्रीय खूण, लांबूनच वाचायचा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. क्लोरीन हवेपेक्षा जड, त्यामुळे खोलगट जागेत उभं राहणं जिवावर बेततं. आकडा दिसला तर जवळच्या जवानाला सांगा आणि मागे सरका. फोटो काढायला पुढे जाऊ नका.

टॉवरमध्ये आग असेल तर जवान आगीच्या मजल्यावर लिफ्टने जात नाहीत. एक-दोन मजले खाली उतरून, तिथल्या जिन्यातल्या लँडिंग व्हॉल्व्हला (इमारतीच्या आगीच्या पाइपवरच्या नळाला) होज जोडून वर चढतात. तो व्हॉल्व्ह गंजलेला निघणं किंवा त्याच्यासमोर कोणाची सायकल-कपाट असणं, ही रोजची डोकेदुखी. इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. परत आल्यावर स्वतःच्या सोसायटीचं कधी दिलं ते विचारा.

१०८ ची गाडी: आधी ऑक्सिजन

डॉक्टरांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणा. चालकाला इथे पायलट म्हणतात. गाड्या दोन प्रकारच्या: बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स. अ‍ॅडव्हान्समध्ये व्हेंटिलेटर आणि हृदयाला झटका देणारं डिफिब्रिलेटर असतं. दोन्हींत ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढणारं यंत्र), अंबू बॅग (दाबून श्वास द्यायची पिशवी), मानेचा कॉलर, स्पाईन बोर्ड (पाठ सरळ ठेवणारी फळी), स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत उघडणारं), स्प्लिंट (मोडलेलं हाड हलू नये म्हणून बांधायची पट्टी), ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजणारं), पल्स ऑक्सिमीटर.

ऑक्सिजनचा हिशेब स्वतः करायला शिका. बी टाईप सिलिंडर सुमारे १० लिटरचा. काट्यावरचा आकडा गुणिले १० म्हणजे आत उरलेले लिटर. काटा ५० वर असेल तर ५०० लिटर. रुग्णाला मिनिटाला १५ लिटर लावले तर ३३ मिनिटं. संध्याकाळी गायमुखहून कळव्याच्या रुग्णालयापर्यंत यायला तासही लागू शकतो. म्हणजे हा सिलिंडर रुग्ण घेण्याआधीच बदलायला हवा. सक्शनची नळी पाण्यात बुडवून ओढ आहे का पाहा. लॅरिंगोस्कोपचा (घशात पाहायच्या उपकरणाचा) दिवा लावून पाहा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत वाचा.

रुग्णाजवळ

घरात शिरताना डॉक्टरच्या मागे, उजव्या हाताला, भिंतीलगत. हातमोजे गाडीतच घालून घ्या. तुमच्या वाट्याला बहुधा लिहिण्याचं काम येईल आणि ते कमी समजू नका. लिहा: कधीपासून त्रास, आधीचे आजार, चालू गोळ्या (पिशवीच सोबत घ्या), कशाची अ‍ॅलर्जी, शेवटचं खाणं किती वाजता. अर्धांगाचा संशय असेल तर “शेवटचे ठीक कधी पाहिले?” हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरचे सांगतात “सकाळी उठले तेव्हापासून”, पण घड्याळ उठल्यापासून लावायचं नसतं, रात्री ठीक असताना शेवटचं पाहिलं तेव्हापासून लावायचं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूक चारपट होते. आणि मोजतोय हे रुग्णाला कळू देऊ नका, नाडी धरल्यासारखं करून छातीकडे पाहा. कळलं की माणूस श्वास बदलतो.

टॉवरमध्ये वेळ खाते ती लिफ्ट. स्ट्रेचर मावणारी लिफ्ट कुठली हे सुरक्षारक्षकाला वर जातानाच विचारा आणि ती खाली धरून ठेवायला सांगा. लहान लिफ्ट असेल तर रुग्णाला बसवून न्यावं लागतं, आणि छातीत दुखणाऱ्याला किंवा मणक्याला लागलेल्याला ते चालत नाही. अशा वेळी जिन्याने उतरवायला अग्निशमनचे जवान हाताशी असले की काम सोपं होतं.

आता धुरातून काढलेला रुग्ण. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९८ आला, विद्यार्थी निश्चिंत झाला. हा आकडा इथे फसवा आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो. म्हणून डोकं दुखतंय, गरगरतंय, उलटी होतेय, किंवा बंद खोलीत धुरात होता एवढं कळलं तरी डॉक्टर आकड्याकडे न पाहता पिशवीचा मास्क १५ लिटरवर लावतात. बारकाईने पाहा: आधी पिशवी फुगू देतात, मग मास्क चेहऱ्यावर. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय. नाकपुड्यांत काजळी, जळलेल्या भुवया, बसलेला आवाज दिसला तर घसा सुजायला लागला असू शकतो. आवाज आत्ता घोगरा आणि दहा मिनिटांनी आणखी घोगरा, हा बदल टिपणारं माणूस गाडीत हवं असतं. तो बदल तुम्हाला जाणवला तर लगेच बोला. दिवसभरात न विचारता बोलायची परवानगी असलेली ही एक जागा.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काही नाही. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढायच्या.

जवानही रुग्ण होतात हे लक्षात ठेवा. मे महिन्यात पूर्ण सूट घालून अर्धा तास आत राहिलेला माणूस बाहेर आला की त्याला सावलीत बसवतात, कोट उघडतात, पाणी देतात, नाडी मोजतात. तो “मी ठीक आहे” म्हणेल. नाडी तरीही मोजायची.

एकाच वेळी बरेच जखमी असतील तर डॉक्टर कोणावरच उपचार करत बसत नाहीत, आधी सगळ्यांना पाहतात आणि निकड पाहून रंगीत पट्टी लावतात: लाल सगळ्यात आधी, मग पिवळी, मग हिरवी, काळी म्हणजे मृत. चालू शकणारे एका बाजूला, हिरवे. श्वास नाही, तोंड-मान सरळ केली तरी नाही, तर काळा. तेवढ्याने श्वास सुरू झाला तर लाल. श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा मनगटाला नाडी लागत नाही, किंवा “माझा हात दाबा” म्हटलेलं कळत नाही, तर लाल. उरलेले पिवळे. प्रत्येकाला अर्धा मिनिट. काळी पट्टी लावताना पाहणं जड जातं. त्या वेळी डॉक्टरशी वाद घालू नका.

छाती दाबायला तुम्हाला सांगितलं गेलं तर: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. थकलेला माणूस ‘जमतंय’ म्हणत राहतो आणि दाब उथळ होत जातो.

रुग्णालयात सोपवणं

एका मिनिटात चार गोष्टी, याच क्रमाने: कसं झालं, काय लागलं, नाडी-श्वास-बीपी-शुद्ध किती, आपण काय दिलं आणि किती वाजता. तुमच्या वहीतल्या वेळा इथे उपयोगी पडतात. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरची नजर तुमच्या डॉक्टरवर आहे ना ते पाहा. ते दुसरीकडे वळले असतील तर सांगितलेलं अर्धं हरवतं, आणि औषध दुसऱ्यांदा दिलं जाऊ शकतं.

रुग्णाचं नाव, पत्ता, चेहरा, गाडीचा नंबर तुमच्या वहीत नको. ‘पुरुष, साठीतले, छातीत दुखणं’ एवढं पुरे. फोटो आणि व्हिडिओ अजिबात नाही, पाठमोरा किंवा पुसट केलेलासुद्धा नाही. मारामारी, अपघात, विषबाधा ही पोलिसांत जाणारी प्रकरणं, त्यांबद्दल पत्रकाराने विचारलं तर “अधिकाऱ्यांना विचारा” एवढंच म्हणा.

सुई टोचली तर लपवू नका. जखम पिळायची नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, तिथल्या तिथे डॉक्टरला सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करावी लागतात. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत. नळ्या लाल पिशवीत. सुईला टोपण परत लावायचं नाही.

घरी आल्यावर

बूट बाहेर, कपडे वेगळ्या बादलीत, आधी अंघोळ. धुराच्या ठिकाणी गेला असाल तर तेच कपडे घालून सोफ्यावर बसू नका, काजळीत आरोग्याला घातक द्रव्यं असतात.

अहवाल त्याच रात्री लिहा. वेळांचा तक्ता आधी, मग तपासणीत काय सापडलं, मग जागेवर काय अडलं आणि का. ‘खूप शिकायला मिळालं’ हे वाक्य कोणाच्या उपयोगाचं नाही. ‘लिफ्ट धरायला माणूस नव्हता म्हणून सात मिनिटं गेली’ हे लिहिलंत तर तुमचे शिक्षकही त्यावर वर्गात तास घेतील.

एखादं दृश्य डोळ्यांसमोरून जात नसेल, झोप लागत नसेल, तर पाळीतल्या ज्येष्ठांशी किंवा शिक्षकांशी बोला. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

या कामात पुढे जायचं मनात असेल तर अग्निशमनासाठी सांताक्रूझला कालिन्यात महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी आहे, तिथे फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. अधिकारीपदाच्या वाटेसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय. प्रवेशाच्या शारीरिक अटी अर्ज भरण्याच्या निदान चार महिने आधी वाचा, कारण धावणं आणि दोर चढणं शेवटच्या पंधरवड्यात जमत नाही.